उंची, वजन आणि आरोग्य

प्रगतिपुस्तकांत उंची आणि वजन यांचे दोन रकाने असतात. ते भरले जातात, खालीं पालकांची सही होते, आणि त्या दोन आंकड्यांचा परस्परांशीं संबंध काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. घरांतील वडील मंडळींच्या वजनाची नोंद तर बहुधा कोठेंच नसते. ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ असें म्हणून वाढलेल्या पोटाचें आपण कौतुक करतों, आणि सडपातळ माणसास कांहीं आजार जडणार नाहीं असें गृहीत धरतों. हे दोन्ही समज तपासून पाहण्याजोगे आहेत. म्हणून प्रौढ माणसाचें योग्य वजन कसें ठरवावें, हा विषय आम्ही यंदा विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों.

निर्देशांक म्हणजे काय?

केवळ वजन सांगितल्यानें कांहींच कळत नाहीं. साठ किलो वजन उंच माणसास कमी पडेल, तर ठेंगण्यास अधिक होईल. म्हणून वजनाची उंचीशीं सांगड घालावी लागते. या सांगडीस शरीर-वस्तुमान निर्देशांक म्हणतात. दवाखान्यांत त्यास बीएमआय म्हणण्याची वहिवाट आहे. त्याची रीत सोपी आहे : किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें. एखाद्या व्यक्तीची उंची १६० सेंटीमीटर, म्हणजे १.६० मीटर, व वजन ६४ किलो असेल, तर उंचीचा वर्ग २.५६ येतो, आणि ६४ ला २.५६ नें भागिलें असतां २५ हा निर्देशांक मिळतो.

येथें चौकस विद्यार्थी विचारील कीं, वर्गच कां? वस्तु लांबी, रुंदी व जाडी या तिन्ही दिशांनीं सारखी वाढली, तर तिचें वजन घनाच्या प्रमाणांत वाढावयास हवें. शंका रास्त आहे. परंतु उंच माणूस हा ठेंगण्या माणसाची मोठी केलेली प्रतिकृति नसतो. तो उंचीच्या मानानें तितका रुंद व जाड नसतो. बेल्जममधील गणिती व ज्योतिषी अॅडॉल्फ केटले (१७९६–१८७४) यांनीं बहुसंख्य माणसांचीं मापें ताडून पाहिलीं, तेव्हां प्रौढांचें वजन साधारणतः उंचीच्या वर्गाप्रमाणें वाढतें असें त्यांस आढळलें. त्यांचा शोध ‘सरासरी मनुष्य’ कसा असतो याविषयीं होता. लठ्ठपणा हा त्यांचा विषय नव्हता. पुढें १९७२ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनीं या गुणोत्तरास आजचें नांव दिलें. म्हणजे हें माप मूळचें लोकसमूहांसाठीं निघालेलें आहे. एका माणसास तें लावतांना विवेक ठेविला पाहिजे, ही गोष्ट आरंभींच ध्यानांत घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण कोष्टकाप्रमाणें निर्देशांक १८.५ हून कमी असल्यास वजन उणें, १८.५ पासून २५ च्या आंत असल्यास योग्य, २५ पासून पुढें अधिक, व ३० पासून पुढें स्थूलता समजतात. परंतु आपणां भारतीयांस हें कोष्टक जसेंच्या तसें लागूं पडत नाहीं. तें कां, हें समजण्यासाठीं पुण्यास जावें लागेल.

पुण्याचा धडा

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा गांवांतील मातांचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास चालविला. पूर्ण दिवसांच्या बालकांचें जन्माच्या वेळचें सरासरी वजन तेथें सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्पटन येथील बालकांचें सुमारें ३.५ किलो होतें. आपलीं बालकें लहानखोर आहेत यांत नवल नव्हतें. नवल होतें तें पुढेंच. या बालकांचे स्नायु व पोटांतील अवयव इंग्रज बालकांच्या मानानें पुष्कळच लहान होते, परंतु कातडीखालील चरबी त्या प्रमाणांत कमी नव्हती. दिसावयास कृश, पण चरबीनें भरलेलें असें हें शरीर होय.

२००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. दोघांचा निर्देशांक अगदीं एकच, २२.३. परंतु शरीरांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. एकच आंकडा, पण शरीरें दोन प्रकारचीं! वजनकाटा हाड, मांस व चरबी यांत भेद करीत नाहीं, हें याहून स्पष्ट कोणतें उदाहरण सांगेल?

हा भेद महत्त्वाचा कां, तेंही पाहूं. जेवणानंतर रक्तांत आलेली साखर उचलून घेण्याचें मोठें काम स्नायु करतात. स्नायु थोडे असले व चरबी पोटांतील अवयवांभोंवतीं आणि यकृतांत सांठली, म्हणजे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, साखर रक्तांतच राहते, आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. म्हणून आपल्या लोकांत सडपातळ दिसणाऱ्या माणसासही हा विकार जडतो, आणि तोही पुष्कळदां ऐन कर्त्या वयांत.

मराठवाड्यांतील कुटुंबांनीं याचा विशेष विचार करावा. येथील पुष्कळ मुलांच्या आजीआजोबांनीं १९७२ सालचा दुष्काळ पाहिला आहे. सुकडीवर दिवस काढले आहेत. उणीव सोसणाऱ्या पिढ्यांच्या पोटीं जन्मलेलीं शरीरें आज बैठें काम, दुचाकी व तळलेले पदार्थ यांच्या संगतींत आलीं आहेत. गरिबींत घडलेल्या देहास सुबत्ता लवकर बाधते.

या कारणांमुळें २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं आशियांतील लोकांसाठीं २३ पासूनच सावध व्हावें असें सुचविलें, आणि २००९ सालीं भारतीय वैद्यांनीं २३ पासून अधिक वजन व २५ पासून स्थूलता असें ठरविलें. वर सांगितलेली १६० सेंटीमीटर उंचीची व्यक्ति या मापानें स्थूल ठरते. तिचें योग्य वजन सुमारें ४७ ते ५९ किलो होय.

उणें वजन हाही रोगच

अधिक वजनाविषयीं बोलतांना उण्या वजनाचा विसर पडूं नये. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं १८.७ टक्के स्त्रियांचा निर्देशांक १८.५ हून कमी आढळला, आणि २४ टक्के स्त्रियांचा २५ वा त्याहून अधिक. दोन्ही संकटें एकाच देशांत, कधीं कधीं एकाच घरांत नांदत आहेत. सर्वांस वाढून मग उरलेलें खाणारी माता कृश राहते, आणि तिच्या पोटीं येणारें बालकही कृश होतें. मातेच्या ताटाची काळजी घेणें म्हणजे पुढच्या पिढीचा मधुमेह टाळण्याचा आरंभच होय.

दोरीचें माप

निर्देशांकाची उणीव भरून काढणारें माप घरच्या दोरीनेंही घेतां येतें. आपल्या उंचीएवढी दोरी घ्यावी व ती बरोबर निम्मी दुमडावी. ही निम्मी दोरी कमरेभोंवतीं सहज पुरली तर ठीक. न पुरली तर पोटावर चरबी वाढली असें समजावें. माप घेतांना शेवटची बरगडी व कमरेचें हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आंत न ओढतां घ्यावें. भारतीय पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही धोक्याची मर्यादा मानितात. २०२५ सालीं एका आंतरराष्ट्रीय वैद्यमंडळानेंही, केवळ निर्देशांकावरून स्थूलता ठरवूं नये, त्यास कमरेच्या मापाची जोड द्यावी, असाच अभिप्राय दिला आहे.

कांहीं अपवादही आहेत. तालमींतील पैलवानाचा निर्देशांक स्नायूंमुळें वाढतो. गर्भवती स्त्रीस हें कोष्टक लावूं नये. वृद्धांचे स्नायु झिजतात, म्हणून त्यांचा आंकडा फसवा असूं शकतो. आणि, विद्यार्थीहो, हें कोष्टक तुमच्यासाठीं नाहीं. वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठीं वयानुसार वेगळे तक्ते असतात. आंकडा पाहून उपास करूं नये, व कोणा सोबत्यास ‘जाड्या’ किंवा ‘काडी’ म्हणून हिणवूं नये.

काय करावें?

चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांनीं आहार व चालणें यांत सुधारणा केली, तेव्हां तीन वर्षांत मधुमेह होण्याचें प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक घटलें; आणि त्यांचें वजन तर फारसें उतरलेंही नव्हतें! म्हणून कांटा हलला नाहीं तरी प्रयत्न व्यर्थ जात नाहीं. ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ व पालेभाजी हा आपला जुना आहार उत्तम आहे. चहांतील साखर, भजीं व शीतपेयें कमी करावीं. नानखलिया सणासमारंभीं जरूर खावा, रोज नव्हे. उस्मानपुऱ्याहून क्रांति चौकापर्यंत रिक्षा न करितां पायीं जावें. आठवड्यास निदान १५० मिनिटें भरभर चालणें, व दोन दिवस स्नायूंस ताण देणारा व्यायाम, एवढें प्रौढांस पुरे. तीस वर्षांवरील प्रत्येकानें, तो सडपातळ असला तरी, रक्तांतील साखर तपासून घ्यावी.

घरचा अभ्यास

१. उंची १५० सेंटीमीटर व वजन ५४ किलो असल्यास निर्देशांक काढा. भारतीय मापानें तो योग्य आहे काय?

२. दोन पुरुषांची उंची १७० सेंटीमीटर व वजन ६५ किलो आहे. एकाची कंबर ८४ व दुसऱ्याची ९४ सेंटीमीटर आहे. वैद्याकडे आधीं कोणीं जावें, व कां?

३. घरांतील वडील मंडळींच्या संमतीनें त्यांची उंची, वजन व कंबर मोजून वहींत टिपा. ही वही वर्गांत दाखवूं नये. ती घरींच ठेवावी, आणि सहा महिन्यांनीं तीच मापें पुन्हां घेऊन ताडून पहावीं.