परसातील कोंबड्यांचे हिंस्र पशुपक्ष्यांपासून संरक्षण

ग्रामीण भागातील शेतकरी, शेतमजूर व आदिवासी कुटुंबांच्या परसात चार-दहा कोंबड्या पाळण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. या जोडधंद्यास जागा थोडी लागते, भांडवल नाममात्र लागते आणि खळ्यावर सांडलेला दाणा, घरातील खरकटे व उकिरड्यातील किडे यांवर कोंबड्यांचे बरेचसे पोषण होते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे ८५ कोटी १८ लाख कुक्कुट पक्ष्यांपैकी ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते. यावरून या धंद्याचे महत्त्व ध्यानात येईल. बहुतेक घरांत कोंबड्यांची देखभाल स्त्रियाच करतात आणि अंड्यांचे पैसे त्यांच्याच हाती राहतात. मुलांच्या वह्या, दुखण्याखुपण्याचे औषध, बाजारचे तेल-मीठ हा खर्च त्यांतूनच भागतो.

असे असूनही कोंबड्यांची संख्या वर्षानुवर्षे वाढत नाही, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. याचे कारण एका साध्या हिशेबावरून समजेल. खुडूक कोंबडीखाली १२ अंडी बसविली आणि २१ दिवसांनी ९ पिल्ले निघाली, असे समजू. दोन महिन्यांत त्यांतील ६ पिल्ले नाहीशी झाली, तर उरलेल्या ३ पिल्लांसाठी १२ अंड्यांची विक्री आणि त्या काळातील कोंबडीचे अंडी देणे, दोन्ही बुडाले. मानमोडीसारख्या रोगांनी होणारी हानी मोठी आहेच. तिच्यासाठी वेळेवर लसीकरण हाच उपाय होय. परंतु घार, मुंगूस, रानमांजर, कुत्री यांच्याकडून होणारी हानी मात्र घरच्या घरी, अल्प खर्चात पुष्कळ कमी करता येते.

शत्रूची ओळख

पिल्लू नाहीसे झाले की ‘घारीने नेले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक घार व शिक्रा हे दिवसा शिकार करणारे पक्षी आहेत. रात्रीत नाहीशा झालेल्या पिल्लाचा दोष त्यांच्यावर ठेवून आभाळाकडे पाहत बसल्यास खरा चोर मोकळाच राहतो. म्हणून प्रथम खुणा पाहाव्यात.

भर दिवसा एखादे लहान पिल्लू मागमूस न ठेवता गेले असेल, तर घार किंवा शिक्रा यांचा संशय घ्यावा. घारीची शेपटी दुभंगलेली असते व ती उंचावर घिरट्या घालते. शिक्रा आकाराने कबुतराएवढा असून झाडाच्या आडोशाने येऊन एकाएकी झडप घालतो. मुंगूसही दिवसाच हिंडते. ते मान किंवा डोके चावते, अंडी फोडते आणि खुराड्यात शिरल्यास एकाच वेळी अनेक पिल्ले मारते. भटकी कुत्री मोठ्या कोंबड्यांनाही फाडतात, पण पुष्कळदा न खाता तशीच टाकून देतात. रात्री अख्खी कोंबडी गेली आणि कुंपणापर्यंत पिसे विखुरलेली दिसली, तर ते काम रानमांजराचे किंवा कोल्ह्याचे असण्याचा संभव असतो. छपराच्या फटीतून आत उतरणारे ते बहुधा उदमांजर. खुराड्याच्या तळाशी बीळ आढळल्यास घूस किंवा उंदीर पिल्ले ओढून नेत असल्याचे समजावे. टरफलाचा तुकडाही न ठेवता अंडी नाहीशी होत असतील, तर सापाची शक्यता ध्यानात घेऊन खुराड्यात हात घालण्यापूर्वी बॅटरीच्या उजेडात नीट पाहावे.

पिल्लांचे पहिले सहा आठवडे

घार, शिक्रा, कावळा यांना मोठी कोंबडी सहसा पेलत नाही. त्यांचा डोळा पिल्लांवर असतो. म्हणून पहिले सहा आठवडे पिल्ले मोकळी सोडू नयेत. या काळात पिल्ले आईसह बांबूच्या डालग्याखाली किंवा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावीत. डालगे सावलीत ठेवून त्यावर दगडाचे वजन द्यावे व दररोज त्याची जागा बदलावी, म्हणजे खालची जमीन कोरडी व स्वच्छ राहते. पिल्लांना तांदळाची कणी, भरडलेली ज्वारी किंवा मका, तसेच मिळेल तेव्हा वाळवी द्यावी. पाणी उथळ भांड्यातून द्यावे.

वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जातींची एक दिवसाची पिल्ले आणल्यास त्यांना आईचे संरक्षण नसते. अशी पिल्ले प्रथम ऊब देऊन बंदिस्त जागेत वाढवावीत आणि सहा आठवड्यांनंतरच परसात सोडावीत. ज्यांना ही सोय करणे शक्य नाही, त्यांनी थोडे अधिक पैसे देऊन वाढविलेली पिल्लेच घ्यावीत. परसासाठी पांढऱ्याशुभ्र पक्ष्यांपेक्षा रंगीत पिसांचे पक्षी अधिक योग्य, कारण ते माती-पाल्यात चटकन नजरेस येत नाहीत.

रात्रीचे खुराडे

रात्री कोंबड्या झाडावर, गोठ्याच्या आढ्यावर किंवा ओसरीवर बसू देणे म्हणजे रानमांजर व घुबड यांना आमंत्रणच होय. खुराडे जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच खांबांवर उभारावे. प्रत्येक मोठ्या पक्ष्यास रात्रीपुरती एक ते दीड चौरस फूट जागा पुरते. छप्पर पक्के असावे व कोठेही फट राहू नये. हवा खेळण्यासाठी जाळी लावणे आवश्यक आहे. परंतु नेहमीची षट्कोनी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवीलच असे नाही. कुत्रा ती फाडतो आणि मुंगसाचे पिल्लूही तिच्यातून आत येऊ शकते. म्हणून खालच्या दोन फुटांत अर्धा इंच भोकांची जाड तारेची जाळी लावावी. खुराडे जमिनीवरच असेल, तर ही जाळी एक फूट खोल गाडावी किंवा पायाशी दगड-मातीचा भक्कम थर द्यावा. दारास नुसता दगड टेकवून न ठेवता कडी बसवावी.

खुराडे कितीही चांगले असले तरी दिवेलागणीस दार लावले नाही, तर सर्व खर्च व्यर्थ जातो. दररोज सायंकाळी पक्षी मोजून दार बंद करणे हे घरातील एका व्यक्तीचे ठरलेले काम असावे.

परसाची रचना

उघड्या अंगणात कोंबडीला लपण्यास जागा नसते. मेंदी, अडुळसा, तुती यांची दाट झुडपे, केळीचा बाग किंवा बांबूचा साधा मांडव असल्यास घारीची झडप चुकते. कोकणात मासे पकडण्याचे जुने जाळे मांडवावर ताणून हे काम साधता येते. मात्र त्यात एखादा पक्षी किंवा साप अडकला नाही ना, हे रोज पाहावे. चकाकणाऱ्या पट्ट्या व बुजगावणी यांचा उपयोग थोडे दिवसच होतो. त्यांची जागा वरचेवर बदलावी.

कोंबड्यांत एक सावध कोंबडा अवश्य ठेवावा. आकाशातील शत्रू दिसताच तो एक प्रकारचा आवाज काढतो व जमिनीवरील शत्रू दिसल्यास दुसरा. त्यावरून कोंबड्या दडून बसतात किंवा सावध होतात. घरातील मंडळींनीही हे आवाज ओळखण्यास शिकावे.

घारीला अंगणाची सवय पुष्कळदा आपणच लावतो. कापलेल्या कोंबडीची आतडी, माशांची घाण किंवा मेलेली पिल्ले उकिरड्यावर टाकल्यास घारी, कावळे व कुत्री तेथे रोज येऊ लागतात. अशा वस्तू खोल खड्ड्यात पुराव्यात. त्यामुळे रोगाचा प्रसारही टळतो.

विष व फासे नकोत

संतापाच्या भरात विषारी आमिष ठेवणे सर्वथा गैर आहे. त्याने घरचा कुत्रा, शेजाऱ्याचे जनावर, प्रसंगी मूलही दगावू शकते. शिवाय घार, शिक्रा, मुंगूस, घोरपड, नाग हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. त्यांना मारणे हा गुन्हा आहे. मुंगूस उंदीर-घुशींचा व सापांचाही फडशा पाडते, तर घार गावातील घाण साफ करते. हे प्राणी शेतकऱ्याचे देणे अन्य मार्गाने फेडीत असतात. त्यांच्यापासून आपली पिल्ले दूर ठेवणे, एवढेच आपले काम आहे.

हे सर्व उपाय आजच्या आज करणे कोणास शक्य न झाल्यास निदान दोन गोष्टींनी आरंभ करावा. सहा आठवडे पिल्ले डालग्याखाली आणि रात्री प्रत्येक कोंबडी कडीबंद खुराड्यात. वरील हिशेबातील नऊ पिल्लांपैकी तिनाऐवजी सहा वाचली, तरी त्या घरातील गृहिणीच्या हाती राहणाऱ्या पिल्लांची संख्या दुप्पट होईल. आणि त्यासाठी दिवसाकाठी पाच-दहा मिनिटांच्या नियमितपणापलीकडे फारसे काही खर्चावे लागणार नाही.