फुप्फुसातले जंतू आणि अँटिबायोटिकचा मोह

प्रश्न : वडिलांना (वय 68) आयपीएफ, म्हणजे फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार आहे. यात जंतूंचाही हात असतो असं वाचलं. मग अँटिबायोटिकचा लांबलचक कोर्स का देत नाहीत?

उत्तर : शंका रास्त आहे, संशोधकांनाही ती आली होती. निरोगी फुप्फुसातही थोडे जंतू असतातच. 2014 मध्ये लंडनच्या संशोधकांनी आयपीएफच्या रुग्णांच्या फुप्फुसात सलाइन सोडून ते परत ओढून तपासलं, तर त्यात इतरांच्या सुमारे दुप्पट जंतू निघाले. ज्यांच्यात जास्त, त्यांचा आजारही भरभर वाढला. जंतूंची चाहूल लागली की पांढऱ्या पेशी धावून येतात, दाह होतो, अस्तर दुखावतं. ते सांधायला फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन तयार करतात आणि या आजारात हे काम थांबतच नाही, त्यातून व्रण बनतात. व्रणांच्या भागात कफ साचतो, तिथे जंतूंचं फावतं. आधी जंतू की आधी व्रण, हा वाद मिटलेला नाही.

पण अमेरिकेतल्या 513 रुग्णांच्या चाचणीत (2021) नेहमीच्या उपचारांना को-ट्रायमोक्सॅझोल किंवा डॉक्सिसायक्लिनची जोड देऊनही फायदा दिसला नाही. प्रतिकारशक्ती दाबावी म्हटलं, तर तेही अंगलट आलं : प्रेडनिसोन आणि अझाथायोप्रिन असलेल्या औषधजोडीने मृत्यू वाढल्याचं 2012 मध्ये दिसलं.

आयपीएफसाठी निंटेडॅनिब किंवा पिरफेनिडोन हे औषध चालू असेल तर परस्पर बंद करू नका. फ्लू आणि न्यूमोकॉकलची लस घ्या. ताप आला, कफ पिवळा-हिरवा झाला किंवा दम अचानक वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तेव्हा अँटिबायोटिक लागेलही, पण घरात उरलेली पट्टी मनाने सुरू करू नका.