गळाच्या काठीवरील दोऱ्याचे वेढे

गळाने मासे धरण्याची चांगली काठी हातात घेऊन पाहिली, तर तिच्या अंगावर ठराविक अंतरांनी बसविलेल्या धातूच्या लहान लहान कड्या दिसतात. मुठीजवळच्या चक्रीतून सुटलेली दोरी या कड्यांतून ओवली जाऊन शेंड्यापर्यंत जाते आणि तेथून पाण्यात उतरते. या कड्या काठीला खिळ्याने ठोकलेल्या नसतात, स्क्रूने आवळलेल्या नसतात, किंवा डाक देऊन जोडलेल्याही नसतात. प्रत्येक कडीला दोन चपटे पाय असतात. ते काठीवर टेकवून त्यांच्यावरून बारीक दोरा गुंडाळलेला असतो, आणि त्यावर रोगणाचा पातळ थर असतो. मासा गळाला लागल्यावर दोरीवर पडणारा ताण या गुंडाळणीलाच पेलावा लागतो. (पुढील विवेचनात ‘दोरी’ म्हणजे मासा ओढणारी गळाची दोरी व ‘दोरा’ म्हणजे कड्या बांधण्याचा बारीक धागा, असे समजावे.)

दोऱ्यापेक्षा मजबूत साधन कारागिरांनी का निवडले नाही, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर काठीच्या पदार्थात आहे. वेळूचे चिवट तंतू त्याच्या सालीलगत दाटीने असतात. आत जावे तसतसे ते विरळ होतात आणि भुसभुशीत भाग वाढतो. काठीची सारी ताकद अशा रीतीने तिच्या बाह्य पृष्ठभागात साठलेली असते. तेथे एखादे भोक पाडले, की नेमके उपयोगाचे तंतू तुटतात. धातूचा पट्टा आवळला, तर तेवढा भाग ताठ होतो. वाकणारी काठी त्या ताठ भागाच्या कडेशी एकाएकी अडते आणि तेथेच मोडते. दोऱ्याची गुंडाळणी मात्र काठीबरोबर वाकते व काठीबरोबर सरळ होते. ती काठीचा एकही तंतू तोडत नाही. पुढे काचतंतूंच्या आणि १९७० च्या दशकापासून कार्बन तंतूंच्या पोकळ काठ्या आल्या. पदार्थ बदलला, पण बांधणीची रीत बदलली नाही, याचे कारण हेच होय.

या कलेच्या इतिहासात भारताचा एक धागा गुंतलेला आहे. वेळूच्या त्रिकोणी पट्ट्या तासून, त्या एकमेकींस चिकटवून भरीव काठी तयार करण्याची पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ होऊ लागली. तिचे श्रेय सामान्यतः पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिपी या बंदुका बनविणाऱ्या कारागिरास देण्यात येते. त्याच्यामागून मेन राज्यातील बँगोर येथे हायरम लेनर्ड याने सहा पट्ट्यांची काठी मोठ्या प्रमाणावर बनविण्यास प्रारंभ केला. या सुरुवातीच्या काठ्यांसाठी लागणारा वेळू हिंदुस्थानातून जात असे. कलकत्त्याच्या बंदरातून येणारा म्हणून व्यापारात त्याला ‘कलकत्ता’ हेच नाव पडले होते. तो आपल्याकडील मानवेल जातीचा असावा, असे मानले जाते. विदर्भातील जंगलांत उगवणारा आणि लाठ्याकाठ्यांसाठी वापरला जाणारा मानवेल मराठी वाचकास अपरिचित नाही. कलकत्त्याहून येणाऱ्या वेळूंवर भाजल्याचे काळे डाग असत. काठी बनविणाऱ्यास ते डाग टाळून पट्ट्या काढाव्या लागत व त्यात बराच माल वाया जात असे.

त्या काळच्या काठ्या आज संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांच्यावर कड्यांच्या जागीच नव्हे, तर मधल्या मोकळ्या भागावरही, बोट-दोन बोटांच्या अंतराने रेशमाचे बारीक पट्टे बांधलेले असतात. ते पाहून हा केवळ नटवेपणा आहे, असा समज होतो. पण वस्तुस्थिती वेगळी आहे. पट्ट्या चिकटविण्यासाठी जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस वापरीत, आणि ओल लागली की सरस सुटतो. नदीच्या पाण्यात दिवसभर भिजलेली काठी उलून तिच्या पट्ट्या मोकळ्या होऊ नयेत, यासाठी ते बंध होते. मद्रास मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात वर्णिलेला महसीर मासा गळ लागताच प्रवाहात जी धाव घेतो, तिच्यापुढे उललेली काठी क्षणभरही टिकणार नाही. पुढे चीनमधील ग्वांगडोंग भागातील ‘टोंकिन’ नावाने विकला जाणारा वेळू आला व त्याने कलकत्ता वेळूला बाजूस सारले. विसाव्या शतकाच्या मध्यास पाण्याने न सुटणारी कृत्रिम गोंदेही आली, आणि मधले बंध अनावश्यक ठरले. काही कारागीर शोभेसाठी अजून ते बांधतात. शोभा म्हणून त्यास हरकत नाही, परंतु प्रत्येक बंध व त्यावरील रोगण काठीचे वजन वाढविते आणि तिची चपळाई थोडी कमी करते.

कडीच्या गुंडाळणीचे निम्मे यश दोरा हाती घेण्यापूर्वीच ठरते. बाजारातून आणलेल्या कडीच्या पायाचे टोक बोथट असते. काठीवरून चढत येणारा दोरा त्या टोकाशी पायरी चढल्यासारखा उडी घेतो. तेथे फट पडते किंवा दोरा मागे घसरतो. म्हणून बारीक कानशीने पायाचे टोक वरच्या बाजूने घासून उतरते करावे लागते. ते इतके पातळ असावे की नखाला अडखळ जाणवू नये. घासल्यावर खालच्या बाजूस धातूची सूक्ष्म धार उरते, ती काढावयास नवखा हमखास विसरतो. ही धार रोगणाखाली दिसत नाही. मात्र काठी वाकू लागली की दर वेळी ती सालीवर घासते, आणि एखाद्या दिवशी नेमक्या त्या रेषेवर काठी मोडते. तळ सपाट आहे याची खात्री करून मगच पाय काठीवर ठेवावा व दुसरा पाय चिकटपट्टीच्या अरुंद तुकड्याने तात्पुरता धरून ठेवावा.

दोऱ्याला सतत एकसारखा ताण मिळावा यासाठी यंत्रे मिळतात, पण घरगुती युक्ती त्यांच्याहून फारशी उणी नाही. दोऱ्याचे रीळ वाटीत ठेवावे, दोरा एखाद्या जाड ग्रंथाच्या पानांमधून काढावा आणि त्या ग्रंथावर आणखी दोन-तीन पुस्तके ठेवावीत. पुस्तक वाढविले की ताण वाढतो, काढले की कमी होतो. काठी दोन खाचांवर आडवी ठेवून दोन्ही हातांनी फिरवावी. येथे काठी फिरते, दोरा फिरत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. हाताने दोरा काठीभोवती फिरविल्यास ताण प्रत्येक वेढ्याला बदलतो आणि दोऱ्याचा पीळही उलगडत जातो.

गुंडाळणी कडीच्या पायाच्या टोकापासून तीन-चार मिलिमीटर अलीकडे, मोकळ्या काठीवर सुरू होते. दोऱ्याचे टोक काठीच्या लांबीत आडवे धरून त्यावरूनच पहिले पाच-सहा वेढे घेतात. त्यांच्या दाबाखाली टोक पक्के अडकते; मग उरलेला शेपूट कापून टाकून पुढचे वेढे त्यावरून जाऊ देतात. गाठ कोठेही मारावयाची नसते. नांगरलेल्या होडीचा दोर धक्क्यावरील खुंटाला चार वेढे दिल्यावर एका हाताने धरून ठेवता येतो, कारण घर्षणाचा परिणाम दर वेढ्यागणिक पटीने वाढत जातो. त्याच नियमाचा हा छोटा आविष्कार आहे.

ताण किती असावा, याविषयी कारागिरांत मतभेद आहेत. थोडे गणित केल्यास विषय स्पष्ट होईल. नेहमीच्या वापरातला बारीक दोरा सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे दहा मिलिमीटर लांबीच्या पायावर साठाहून अधिक वेढे बसतात. दोऱ्याला १५० ग्रॅमचा ताण असेल, तर पायाच्या दोन्ही बाजूंनी खाली ओढणारा एक वेढा जास्तीत जास्त ३०० ग्रॅमचा दाब देईल. ओढ तिरकस असल्यामुळे प्रत्यक्षात त्याचा निम्माच भाग मिळतो असे धरले, तरी साठ वेढ्यांचा दाब नऊ किलोग्रॅम होतो, आणि तोही एकाच पायावर. दोरा तुटेपर्यंत आवळण्याची मुळीच गरज नसते, हे यावरून कळेल. फाजील ताणाने पोकळ काठीची पातळ भिंत दबते आणि कडीच्या पायाची कड सालीत रुतते. उलट कड्या काठीच्या खालच्या बाजूस असतील, तर वाकलेल्या काठीत ताणलेली दोरी त्यांना काठीपासून दूर खेचते व सारा भार दोऱ्यावर येतो. तेथे ढिलाई चालत नाही. योग्य ताणाची जुनी कसोटी अशी, की गुंडाळणी पुरी झाल्यावर अंगठ्याने जोर दिला असता कडी किंचित सरकावी, पण आपोआप हलू नये.

वेढे एकमेकांस चिकटून बसावेत यासाठी दोरा काठीशी अगदी काटकोनात न ठेवता बसलेल्या वेढ्यांकडे अत्यल्प झुकता ठेवतात. झुकाव जास्त झाला तर दोरा मागच्या वेढ्यावर चढतो. कमी झाला तर फट राहते. दर दहा-बारा वेढ्यांनंतर थांबून गुळगुळीत हाडाच्या तुकड्याने किंवा नखाच्या पाठीने वेढे मागे सारून दाबावेत. पाय जेथे सुरू होतो तेथे त्याच्या दोन्ही कडांना दोऱ्याखाली चिंचोळी पोकळी राहतेच. ती पूर्णपणे टाळता येत नाही. पुढे रोगण तिच्यात उतरून ती भरते. चूक दिसली तर ती पुढच्या वेढ्यांनी झाकू नये. काठी उलट फिरवून तेथपर्यंत उकलावे आणि पुन्हा गुंडाळावे. दोऱ्याच्या एका मीटरने आणि दहा मिनिटांनी सुटणारा प्रश्न रोगण चढल्यावर सुटत नाही.

शेवट करण्याची रीत सुरुवातीइतकीच गाठरहित आहे. सहा ते आठ वेढे उरले असता दुसऱ्या मजबूत दोऱ्याचा एक फास काठीवर ठेवतात. त्याचे बंद टोक पुढे, म्हणजे गुंडाळणी ज्या दिशेने चालली आहे त्या बाजूस असते. उरलेले वेढे या फासावरून घेतात. मग शेवटचा वेढा अंगठ्याखाली धरून दोरा कापतात, त्याचे टोक फासात ओवतात आणि फासाची मोकळी टोके मागे ओढतात. फास बाहेर येतो व येताना दोऱ्याचे टोक वेढ्यांखालून खेचून आणतो. ते ताणून धरून नव्या पात्याने पृष्ठभागालगत कापावे लागते. येथे हात थरथरला आणि शेजारचा वेढा कापला गेला, तर सगळी गुंडाळणी पुन्हा करण्यावाचून उपाय नसतो.

सर्व कड्या बांधून झाल्यावर काठी डोळ्यासमोर धरून, मुठीकडून शेंड्याकडे पाहत, कड्या एका ओळीत आहेत की नाहीत ते तपासतात. दोऱ्यावर उभे राहिलेले बारीक तंतू स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून काठी झरकन नेऊन जाळतात. नंतर रोगणाची पाळी. रेशीम रोगण पिऊन पारदर्शक होते: पांढरे रेशीम जवळजवळ दिसेनासे होते आणि खालचा वेळू दिसू लागतो, इतर रंग गडद होतात. रंग तसाच राहावा म्हणून आधी एक रंगरक्षक लेप देण्याची प्रथा आहे. पण लेपाने दोऱ्याची छिद्रे बुजतात व रोगण आत मुरत नाही. ज्या काठीने खरोखरच मासे धरावयाचे आहेत, तिच्यासाठी गडद झालेला रंग पत्करणे शहाणपणाचे. पहिला थर पातळ असावा, म्हणजे तो वेढ्यांमधून खालपर्यंत उतरतो. पुढचे दोन-तीन थर प्रत्येक वेळी पूर्ण वाळू देऊन द्यावेत. नव्या काठ्यांवर एपॉक्सीचा एकच जाड थर देतात. तो आवळेपर्यंत काठी मंदगती मोटारीवर काही तास फिरत ठेवावी लागते, अन्यथा थर एका बाजूला ओघळतो.

वेळूच्या काठीवर मात्र जाणकार अजून रोगणच पसंत करतात, कारण गुंडाळणी कायमची नसते. दोरीच्या घर्षणाने कड्यांना खोबणी पडतात, रोगण तडकते, पाणी आत शिरते. मग जुना दोरा काढून नवा बांधावा लागतो. तो काढताना पाते कडीच्या पायावर, धातूच्या पाठीवरून चालवावे. तेथे ते खोल गेले तरी काठीस इजा होत नाही. मग कापलेली टोके नखाने उचलून दोरा सोलून काढावा, आणि खाली उघड्या पडलेल्या सालीवर कानशीच्या धारेची ती जुनी रेघ उमटली आहे काय, हे नवी कडी ठेवण्यापूर्वी भिंग लावून पाहावे.