प्रेक्षकाचा संकोच
बंगळुरातील मराठी प्रेक्षक यूट्यूबवर एखाद्या छोट्या वाहिनीची चित्रफीत शेवटपर्यंत पाहतो; तिचा सबस्क्राइबर, म्हणजे वर्गणीदार, होताना मात्र पुष्कळदा कचरतो. वर्गणी काहीच पडत नसता हा संकोच कशाचा? १९५४ साली मुंबईत निघालेल्या 'शब्द'सारख्या प्रकाशनांना 'अनियतकालिक' म्हणतात; पुढच्या अंकाची अनिश्चिती त्या नावातच आहे. छोट्या वाहिनीचेही तसेच. पाहणे हा झालेल्या कृतीविषयीचा अभिप्राय, तर वर्गणीदार होणे हा न झालेल्या कृतीवरचा विश्वास होय. शिवाय २०१९ पासून मोठ्या वाहिन्यांची वर्गणीदारसंख्या स्थूलमानाने दाखविली जाते. हजाराच्या आतली मात्र नेमकी दिसते. तेथे एकाचे निघून जाणेही लपत नाही. सारांश, हा संकोच अनास्थेचा नसून जबाबदारीच्या जाणिवेचा आहे. परंतु जाहिरातींच्या उत्पन्नातील वाट्यासाठी किमान १,००० वर्गणीदार लागणाऱ्या निर्मात्याला तो अनास्थेइतकाच महाग पडतो.