परकी विद्या आणि घरची कला

इंग्रजी शिकून ख्रिस्ती झालेला मनुष्य आपल्या लोकांस पारखा होतो, असा आक्षेप आपण पुष्कळदां ऐकतों. विद्यार्थिमित्रहो, त्यास उत्तर म्हणून आम्ही जपानांतील एका विद्यालयाची हकीकत सांगतों.

क्योतो शहरीं, जुन्या राजवाड्याच्या उत्तरेस, दोशिशा महिला महाविद्यालयाचें जुनें आवार आहे. अमेरिकेंत शिकून परतलेले जो नीजिमा ह्यांनीं १८७५ सालीं मुलांकरितां दोशिशा शाळा काढिली. पुढील वर्षीं अमेरिकन बोर्डाच्या अ‍ॅलिस स्टार्कवेदर बाईंनीं मुलींसाठीं घरगुती शाळा आरंभिली. तिचाच विस्तार होऊन १९४९ सालीं तिला विश्वविद्यालयाचा दर्जा मिळाला. ह्याच बोर्डाचे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले व पुढें अहमदनगरास स्थिरावले. तेव्हां ही शाळा आपल्या नात्यांतलीच होय.

नीजिमा ह्यांच्या पत्नी याएबाई सामुराई कुळांतील. १८६८ सालीं ऐझूच्या वेढ्यांत त्या हातीं बंदूक घेऊन लढल्या. १८७६ च्या जानेवारींत त्यांचा बाप्तिस्मा झाला व दुसऱ्याच दिवशीं ख्रिस्ती विधीनें विवाह. मुलींच्या शाळेंत मिशनरी बाया इंग्रजी शिकवीत, तर याएबाई जपानी शिष्टाचार शिकवीत.

१८९० सालीं पति वारल्यावर त्यांनीं उरासेन्के परंपरेंत चहाविधीचें अध्ययन केलें. ही कला तेव्हां बहुतेक पुरुषांच्याच हातीं होती. याएबाईंनीं घरांतील एका खोलीची चहाशाळा केली व पुढें शिष्यांस शिकविलें.

चहाविधि म्हणजे केवळ चहा पिणें नव्हे. जुन्या काळीं योद्धाही तरवार बाहेर ठेवून, ठेंगण्या दारांतून वांकूनच आंत जाई. तेथें लहानथोर भेद नसे. यजमान मन लावून पेला सिद्ध करी आणि पाहुणा तो कृतज्ञतेनें घेई. जी स्त्री एकदां बंदूक घेऊन लढली, तिनें वृद्धपणीं ही नम्रता आपलीशी केली. आणि त्याकरितां तिला आपला विश्वास सोडावा लागला नाहीं.

आपल्याकडेही रे. नारायण वामन टिळक ह्यांनीं अभंग व कीर्तन ख्रिस्ती उपासनेंत आणिलें. त्यामुळें उपासना उणी न होतां आपल्या माणसांच्या अधिक जवळ आली.

सारांश, परकी विद्या अवश्य घ्यावी, पण घरची कला टाकून नव्हे. ज्याच्या घरीं स्वतःचें कांहीं आहे, तोच पाहुण्याचा खरा सत्कार करूं शकतो. आमच्या विद्यार्थ्यांनीं शेक्सपिअर जरूर वाचावा. परंतु आजीच्या ओव्याही एकदां वहींत उतरून घ्याव्या, कारण त्या तिच्याबरोबर गेल्या तर पुन्हां मिळावयाच्या नाहींत.