संगणकांची बोली



तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. हा नियम ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती पत्र पडले तरी त्याला ते वाचता येईल का? नाही. लिहिणारा आणि वाचणारा या दोघांनाही एकच नियम पाळावा लागतो.

संगणकांचेही तसेच आहे. संगणकांनी एकमेकांना निरोप कसे पाठवावेत, याच्या ठरलेल्या नियमांना ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. इंटरनेट मुख्यतः टीसीपी व आयपी या जोडीवर चालते. आयपी निरोपाच्या प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालतो. टीसीपी ते तुकडे क्रमाने जुळवतो. एखादा हरवला तर तो पुन्हा पाठवला जातो. विंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ साली ही कल्पना मांडली. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने हे नियम स्वीकारले.

आपल्या संगणकात कोणते प्रोटोकॉल बसवलेले आहेत, हे पाहता येते. विंडोज १० मध्ये ‘कंट्रोल पॅनेल’ उघडा. ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मध्ये जा. डाव्या बाजूच्या ‘चेंज अ‍ॅडॅप्टर सेटिंग्ज’वर क्लिक करा. चालू जोडणीच्या चित्रावर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ निवडा. येथे संगणक परवानगी मागू शकतो, म्हणून शिक्षकांना जवळ बोलवा. आता एक यादी दिसेल. तीत ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ व ‘व्हर्जन ६’ ही नावे शोधा. चौथ्या आवृत्तीत सुमारे ४२९ कोटी पत्ते मावतात. जगाला ते अपुरे पडू लागले, म्हणून सहावी आवृत्ती आली.

यादीतील प्रत्येक नावापुढे एक चौकोन असतो. त्यातील खूण गंमत म्हणूनही काढू नका. चौथ्या आवृत्तीची खूण निघाली, तर संगणक चालू दिसेल. पण बहुतेक ठिकाणी त्याचे इंटरनेट बंद पडेल. त्याच दिवशी एखाद्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असेल, तर तिचे वर्षभराचे नुकसान होईल. म्हणून यादी वाचा, वहीत उतरवा आणि ‘कॅन्सल’ दाबून बाहेर या.

स्वाध्याय
१. प्रोटोकॉल म्हणजे काय?
२. टीसीपी व आयपी यांची कामे सांगा.
३. यादीतील खूण का काढू नये?