अरुंद झडप आणि वाढता प्रवाह

अरुंद छिद्रातून जाणारा प्रवाह दुप्पट करायचा, तर छिद्राच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक चौपट लागतो. हा वर्गाचा नियम कधी कधी गरोदर स्त्रीच्या जिवाशी येऊन ठेपतो.

हृदयाच्या डाव्या कर्णिकेतून डाव्या जवनिकेत रक्त जाते ते द्विदल झडपेतून. निरोगी झडपेचे तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर ऱ्हुमॅटिक ताप आला, तर पुढे झडपेच्या पाकळ्या चिकटून तोंड १ चौरस सेंटिमीटर इतके लहान होऊ शकते. एरवी कित्येकींना ते जाणवतही नाही. पण गरोदरपणी रक्तप्रवाह जवळजवळ दीडपट होतो. म्हणजे दाबांतील फरक सव्वादोनपट! शिवाय नाडी जलद झाल्याने झडप उघडी राहण्याचा काळ घटतो, तो या हिशेबात धरलेलाच नाही. कर्णिकेतील दाब मागे फुप्फुसांत पोहोचतो. पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटरपलीकडे तो गेला, की केशवाहिन्यांतून पाणी झिरपू लागते आणि दम कोंडतो.

प्रसूती झाली म्हणजे सुटलो, असे घरच्यांना वाटते. ते खरे नव्हे. गर्भाशय आकुंचन पावताच त्यातील रक्त अभिसरणात परतते, मोठ्या शिरेवरचा भारही उतरतो आणि हृदयाकडे एकदम लोंढा येतो. म्हणून बाळंतिणीवर पहिले काही दिवस डॉक्टरांची नजर हवी.

नाडी मंदावणारी औषधे झडपेला वेळ मिळवून देतात. जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८४ साली शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद करण्याची रीत प्रसिद्ध केली. गरज पडल्यास ती गरोदरपणातही वापरतात. तोंड १ चौरस सेंटिमीटरचे २ झाले आणि प्रवाह तेवढाच राहिला, तर दाबांतील फरक किती उरेल? गणित करून पाहा.